पाच नरांचा दाखला

२५ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.१०
नऊ पिल्ले बाहेर आली. अंडी अकरा होती. दोन फुटलीच नाहीत.

नोंदीसाठी: ही बदकाची अंडी हिने २८ जानेवारीला शेजारच्या वहिनींच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. अंड्यांना अठ्ठावीस दिवस लागतात. हिला चौदाच मिळाले. कोंबडीला कोणी काही कळवले नाही, त्यामुळे ती बसून राहिली.

परसात एकोणीस वर्षे हिची बदके आहेत. दरवर्षी आपल्याच माद्यांची अंडी, त्यांतून पुढची पिल्ले. बाहेरचे बदक कधी आणले नाही. हिच्या आजारपणात बरीच वाटून टाकली. उरलेल्या दोन माद्या आणि एक नर जानेवारीत कुत्र्यांनी मारली. म्हणजे आता ही नऊ आहेत तेवढीच.

ठराव:
१) माद्या राखायच्या. वंश तुटू द्यायचा नाही.
२) नर मोठे होऊन माद्यांना छळू लागण्याआधी काढायचे. ही तसेच करत असे.
३) वहिनींना दोन माद्या द्यायच्या. हिने कबूल केले होते.
४) रोजनिशी रोज लिहायची.

नर-मादी ओळखणे अवघड नसावे. एकतीस वर्षे वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानाची पायरी चढतानाच काटा खरा की खोटा ते कळत असे.

२ मार्च, रविवार
मधले चार दिवस लिहायचे राहिले. कामे होती.

पिल्ले वहिनींकडून आमच्या परसात आणली. प्रत्येकाच्या पायात लोकरीचा रंगीत धागा बांधला. हिच्या विणकामाच्या पिशवीत नऊ रंग निघाले. क्रमांक १ ते ९. वही आखली. रकाने: वजन, मानेची लांबी, चोचीचा रंग, शेरा.

लेकीचा फोन. ती म्हणाली, बाबा, तुम्ही आईचा चष्मा तीन दिवस स्वतःचा म्हणून लावून फिरलात, तुम्ही बदकांतले नर-मादी काय ओळखणार? मी म्हटले, चष्म्याला वजन नसते, बदकाला असते. ती गप्प झाली. मुद्दा पटला असावा.

हिला कसे ओळखता येई ते मी विचारले नाही. ही जेवताना सांगत असे. मी त्या वेळी बातम्या ऐकत असे. अर्थात मोजमाप हाताशी असताना ऐकीव माहितीवर जाण्याचे कारण नाही.

५ मार्च, बुधवार
वहिनी म्हणाल्या, भाऊजी, जाणकार लोक लहान असतानाच पिल्लू उलटे करून बघतात, तुमच्या हिलाही जमायचे. क्र. ३ उलटे केले. चष्मा लावून पाहिले, चष्मा काढून पाहिले. काही बोध झाला नाही. क्र. ३ ला जे करायचे होते ते त्याने माझ्या शर्टावर केले. ही पद्धत अशास्त्रीय आहे.

९ मार्च, रविवार
पिल्ले मला पाहून पळतात. कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात. अशाने वजने घेता येत नाहीत.

उपाय सापडला. परसदारच्या खुंटीवर हिचा निळा स्वेटर आहे. तो घालून गेलो. नऊच्या नऊ धावत आली.

पिल्ले निघाली तेव्हा ही नव्हती. स्वेटर त्यांनी कधी पाहिलेला नाही. निळा रंग पक्ष्यांना शांत करत असणार. वहीत तशी नोंद केली.

१६ मार्च, रविवार
जनावरांच्या डॉक्टरांकडे दोन पिल्ले नेली. तरुण गृहस्थ. म्हणाले, काका, घाई कशाला, चार महिने थांबा, आपोआप कळेल. त्यांच्या टेबलावरचा काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवतो. ज्या माणसाला स्वतःचा काटा तपासायला वेळ नाही, त्याच्या सल्ल्याला किती वजन द्यायचे?

पुढे काही विचारले नाही.

३० मार्च, रविवार
वजने घेतली. क्र. ७ सर्वांत पुढे. ताटलीत पहिले तेच, पाण्यात पहिले तेच. इतरांच्या मानेवरून चालत जाते. दांडगे आहे. तात्पुरता शेरा: नर.

क्र. ४ शांत. इतरांचे झाल्यावर खाते. तात्पुरता शेरा: मादी.

वहिनी कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, भाऊजी, उकाडा किती आहे, तो स्वेटर तरी काढा. मी म्हटले, कामाचा गणवेश आहे.

६ एप्रिल, रविवार
काम ठीक चालू आहे. ४.३० ला खायला घालतो, हिचीच वेळ. बाकी दिवस मोकळाच असतो.

११ एप्रिल, शुक्रवार
नोंद करावी की नाही कळत नाही. करतो.

परसातून आत येत होतो. दाराच्या काचेत निळा स्वेटर समोरून येताना दिसला. मी बाजूला सरकून वाट दिली. थोडा वेळ तसाच उभा होतो. मग लक्षात आले.

काच पुसायला झाली आहे.

१५ एप्रिल, मंगळवार. दुपारी ४.४०
खुर्चीत पेपर वाचत होतो. परसातून हाक आली. मी आलो, आलो म्हणून उठलो. पेपर पडला. दाराशी गेलो तर नऊ बदके आणि कुंपण.

हिची हाक मारायची एक रीत होती. पहिला आवाज मोठा, चार घरे ऐकू जाईल असा. मी उठत नसे. मग एकेक शब्द खाली उतरत जाई आणि शेवटी नुसती पुटपुट उरे. ती पुटपुट माझ्याबद्दल असे. आजची हाक तशीच होती. पहिली मोठी, मग पाच-सहा उतरत्या.

सवयीचा परिणाम. दुपारी जड जेवू नये.

१७ एप्रिल, गुरुवार
पुन्हा. ४.३५.

या वेळी उठलो नाही. पेपर घट्ट धरून बसलो. पुटपुट पूर्ण होईपर्यंत ऐकू आली.

१८ एप्रिल, शुक्रवार
उलगडा झाला. आवाज क्र. ७ चा. दाराच्या पायरीशी येऊन उभे राहते, मान वर करते आणि सुरू होते. आजपर्यंत सगळी एकाच सुरात चिवचिवत होती. आता आवाज फुटू लागले आहेत. वयात येणाऱ्या मुलांचा फुटतो तसा. वजनाने पहिले, आवाजाने पहिले. क्र. ७ नर, यात आता शंका नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. कधीच ठेवला नाही. उलगडा झाल्यावर छान वाटले.

२० एप्रिल, रविवार
क्र. २, ५, ८ आणि ९ सुद्धा ओरडू लागली. सगळी त्याच पद्धतीने. वरून खाली.

१, ३, ४, ६ यांचा आवाज मात्र बसल्यासारखा. चोच उघडतात, आतून नुसती खरखर येते, घशात वाळू अडकल्यासारखी. सोशिक दिसतात.

मादी स्वभावाने शांत आणि मितभाषी असते हे सर्वमान्य आहे. आमचे घर अपवाद होते.

लेकीला निष्कर्ष सांगितला. ती म्हणाली, कुठे वाचलंत, बाबा? मी म्हटले, निरीक्षण. ती म्हणाली, आईला विचारायला हवं होतं. मग तिने विचारले, जेवलात का?

२३ एप्रिल, बुधवार
प्रकृतीसाठी रोज ४.१५ ते ५.३० फिरायला जाण्याचे ठरवले. बदकांचे खाणे आता ४ वाजताच उरकतो.

२४ एप्रिल, गुरुवार
पोस्टापर्यंत जाऊन आलो. पोस्टात काम नव्हते. शिपायाने तेवढ्यात तीनदा विचारले, साहेब, कोणाचं पत्र यायचंय का? नाही म्हटले.

परतलो तेव्हा पावणेसहा. क्र. ७ पायरीवरच. मला पाहून सुरू झाले. वाट पाहून थकलेले माणूस जसे सुरू होते तसे. मोठा आवाज, मग उतरत उतरत. मी पायरीवर उभा राहून सगळे ऐकून घेतले. मध्ये एकदा मी, हो, उशीर झाला, असे म्हणालो. वहिनी कुंपणापाशी होत्या. त्यांनी ऐकले नसावे.

२५ एप्रिल, शुक्रवार
वहिनींनी ऐकले होते. डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, भाऊजी, लेकीकडे आठ दिवस जाऊन या, बदकांकडे मी बघते. म्हटले, प्रयोग महत्त्वाच्या टप्प्यावर आहे.

२९ एप्रिल, मंगळवार
पाच बदके ओरडतात. घरात कुठेही बसा, ऐकू येते. स्वयंपाकघरात बसलो. न्हाणीघरात बसलो. कपाट उघडून हिच्या साड्यांकडे तोंड करून उभा राहिलो. कपडे आवाज शोषून घेतात असे वाचले होते. शोषत नाहीत.

नर काढण्याची वेळ जवळ आली असे दिसते. हा निर्णय फक्त माद्यांच्या हिताचा आहे.

४ मे, रविवार
दहावा आठवडा भरत आला. अंतिम वजने घेतली. क्र. ७: दोन किलो शंभर. नऊ बदकांची सरासरी काढली. जड ते नर, हलकी ती मादी, असा निकष.

अडचण: क्र. ४ शांत आहे, पण वजनात क्र. ७ च्या खालोखाल. उलट क्र. २ सर्वांत हलके, पण ओरडण्यात कमी नाही. म्हणून वजन आणि आवाज या दोन्हींना गुण दिले. तरी क्र. ४ नरात जाते. मग आवाजाला दुप्पट गुण दिले. आता तक्ता नीट जुळतो.

नर: २, ५, ७, ८, ९.
मादी: १, ३, ४, ६.

सायंकाळी वहिनी म्हणाल्या, भाऊजी, कोणाला द्यायच्या आधी मला एकदा आत येऊन बघू द्या, मी लहानपणी बदकं राखली आहेत. मी नम्रपणे नकार दिला. त्यांना दोन माद्या मिळायच्या आहेत, म्हणजे त्या हितसंबंधी पक्ष आहेत. खात्यात असताना दुकानदाराच्या हातून त्याचाच काटा मी कधी तपासून घेतला नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, तुमच्या हिने तुमच्याबरोबर कसे दिवस काढले तिचे तिलाच माहीत.

हे मलाही माहीत करून घ्यायला आवडले असते.

७ मे, बुधवार
बाजारातल्या खानावळवाल्याकडे गेलो. जुनी ओळख. पूर्वी एकदा त्याचा वीस ग्रॅमने खोटा काटा मी जप्त केला होता. तेव्हापासून फार आदराने वागतो. शनिवारी त्याच्याकडे साठ माणसांचे जेवण आहे, बदके हवीच आहेत.

तो म्हणाला, साहेब, एक सांगा, पाचही नर नक्की ना? मादी असेल तर मी कापत नाही. मादी अंड्यांसाठी राखतो, माझ्या मेहुण्याचं तळं आहे तिथे सोडतो. मी म्हटले, दहा आठवड्यांच्या नोंदी आहेत. तो म्हणाला, मग प्रश्नच मिटला, तुमचा शब्द म्हणजे शिक्का.

शब्दावर कारभार करणे मला आवडत नाही. लेखी देतो म्हटले.

८ मे, गुरुवार
दाखला तयार केला. मजकूर: "प्रमाणित करण्यात येते की, खालील पाच बदके (क्र. २, ५, ७, ८, ९) प्रत्यक्ष तपासणी व मोजमापाअंती नर असल्याचे आढळून आले आहे." सोबत वजनांचा तक्ता. खाली सही, निरीक्षक (निवृत्त).

बऱ्याच दिवसांनी सही केली. फेब्रुवारीत दवाखान्याच्या कागदांवर केली होती, त्यानंतर पहिलीच. हात स्थिर होता.

९ मे, शुक्रवार. सकाळी ९
खानावळवाला टेंपो घेऊन आला. मी स्वेटर घालून पाचही स्वतः पकडून दिली. माझ्याकडे धावत आली, त्यामुळे त्रास झाला नाही.

क्र. ७ ने सहकार्य केले नाही. खोक्यात जाईना. गेल्यावर फटीतून मान बाहेर काढली आणि सुरू झाले. टेंपो वळेपर्यंत ऐकू येत होते. पहिले मोठे. मग उतरत्या. शेवटची पुटपुट इंजिनात ऐकू आली नाही.

दुपारी ४.३० ला घरीच बसलो. पूर्ण शांतता. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला.

१० मे, शनिवार
शांतता.

११ मे, रविवार
वहिनींना दोन माद्या दिल्या, क्र. १ आणि ३. शब्द पाळला. त्यांनी एकेक उचलून कानाजवळ धरले. मग म्हणाल्या, बाकीची कुठे आहेत? सांगितले. त्या तिथेच पायरीवर बसल्या. चक्कर आली का विचारले. नाही म्हणाल्या. पाणीही घेतले नाही. बदके काखेत घेऊन गेल्या.

एकोणीस वर्षांची मैत्रीण गेल्याचे दुःख असे अचानक वर येते. मी समजू शकतो.

१८ मे, रविवार
काम ठीक चालू आहे.

४.३० ला अजून खुर्चीतून उठतो. मग बसतो.

२५ मे, रविवार
क्र. ४ आणि ६ पायरीशी येऊन उभी राहतात. चोच उघडतात. खरखर. त्यांना काही सांगायचे आहे असे दिसते, पण घसा साथ देत नाही. सर्दी असावी. कोमट पाणी ठेवले.

२७ मे, मंगळवार
घसा बसला म्हणून दोघींना डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कान लावून ऐकले. मग मला विचारले, काका, ही काय आहेत असं तुम्हाला वाटतं? मी म्हटले, माद्या, फक्त घसा बसलाय. ते माझ्याकडे पाहत राहिले. माझ्या अंगात निळा स्वेटर होता हे तेव्हा माझ्या लक्षात आले. घाईत निघालो होतो. ते हळू आवाजात म्हणाले, घरी आणखी कोण असतं? मी म्हटले, कोणी नाही. ते म्हणाले, औषधाची गरज नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा आणा.

औषध नाही, निदान नाही. काटा अजूनही चाळीस ग्रॅम पुढे आहे.

१ जून, रविवार
वजने घेतली नाहीत. सध्या गरज वाटत नाही.

लेक विचारत होती की अंडी कधी सुरू होतील. जुलैअखेर, असे सांगितले. ती म्हणाली, पहिलं अंडं घातलं की फोटो पाठवा, आईची बदकं अजून आहेत हे ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय मी.

८ जून, रविवार
अंडी घालण्यासाठी दोन खोकी तयार केली. पेंढा घातला. कडा कानशीने घासल्या, पोटाला लागू नये म्हणून. मापे वहीत लिहिली.

खोक्यांसमोर स्टूल टाकून बसलो. घरात किती आवाज नसतो हे इथून नीट ऐकू येते.

१० जून, मंगळवार
क्र. ४ च्या शेपटीवरचे एक पीस वर वळून गोल झाले आहे. झोपेत दबले असणार. ओल्या फडक्याने सरळ केले.

११ जून, बुधवार
पुन्हा गोल. फडके लावले, पाच मिनिटे हातात धरून बसलो. क्र. ४ ने मला चावू दिले नाही असे नाही, उलट मलाच चावले. (वाक्य चुकले. राहू दे.)

१३ जून, शुक्रवार
क्र. ६ चेही. दोन पिसे.

हवेत दमटपणा वाढल्याने पिसे वळत असावीत. माझ्याही कागदांच्या कडा वळल्या आहेत.

१५ जून, रविवार. सकाळी १०
वहिनी आल्या. टोपलीत क्र. १ आणि ३. टोपली ओट्यावर ठेवली. एकेकाची शेपटी माझ्या डोळ्यांसमोर धरली. दोन्हींची पिसे गोल. म्हणाल्या, भाऊजी, हे पीस फक्त नरालाच येतं. आणि बदकांत ओरडते ती मादी. नराचा घसा असाच बसतो, जन्मभर. हे कुणीही सांगितलं असतं.

मी म्हटले, चारही प्रकरणांत दमट हवा...

त्या म्हणाल्या, भाऊजी, पुरे.

मी विचारले, त्या दिवशीच का नाही सांगितलेत? त्या म्हणाल्या, तुम्ही शुक्रवारी दिलीत, मी रविवारी ऐकलं. शनिवारचं जेवण होऊन गेलं होतं. मग कशाला सांगायचं? म्हटलं, ज्या दिवशी पीस दिसेल त्या दिवशी दिसेल.

टोपली घेऊन गेल्या. बदके ठेवून गेल्या.

दुपारी १२.३०
मेहुण्याचे तळे. खानावळवाला स्वयंपाकातला माणूस आहे. त्याला आवाजावरून कळलेच असेल. मादी तो कापत नाही, तसे स्वतः म्हणाला होता. म्हणजे पाचही तळ्यावर असणार. कदाचित एव्हाना अंडी घालायला लागली असतील. वहिनींना खानावळवाल्याचा स्वभाव माहीत नाही.

मंगळवारी जाऊन घेऊन येईन. रिकामे खोके शोधून ठेवले. क्र. ७ साठी वेगळे.

१७ जून, मंगळवार
आज जमले नाही.

१९ जून, गुरुवार
पाय दुखत होता.

२२ जून, रविवार
लेकीचा फोन उचलला नाही. नंतर मेसेज केला की झोपलो होतो.

२४ जून, मंगळवार
गेलो. दोन्ही खोकी रिक्षात घातली.

खानावळवाल्याने मला पाहिल्यावर गिऱ्हाइकाला तसेच सोडले आणि बाहेर आला. खोक्यांकडे पाहिले. मी काही विचारायच्या आत म्हणाला, साहेब, मी येणारच होतो, हिंमत झाली नाही. तुमच्या घरी नुकतंच झालेलं.

त्याचे म्हणणे असे. सकाळी खोकी उतरवली तेव्हा पाचही ओरडत होती. स्वयंपाकी म्हणाला, मालक, या माद्या वाटतात. हा म्हणाला, अरे, साहेबांनी लिहून दिलंय, साहेबांनी कधी ग्रॅमची चूक केली नाही. दाखला भिंतीला टाचून ठेवला. पोट साफ करताना पहिलीत बारीक दाणे दिसले, मोहरीसारखे, घोसाने. पुढे अंडी व्हायची असतात ते. मग उरलेल्या बघितल्या. तोवर पाचही सोलून झाल्या होत्या.

मी विचारले, पाचही? तो म्हणाला, पाचही.

दाखला अजून भिंतीवर होता. त्याने टाचणी काढून परत दिला. म्हणाला, काटे साहेबांनी तपासले म्हणून आम्ही डोळे मिटून तोलायचो, तशीच ही गोष्ट झाली. चहा पाजला. चहाचे पैसे घेईना.

मी त्याला म्हटले, तुमची चूक नाही. सही माझी आहे.

रिक्षावाल्याने येताना विचारले, खोकी रिकामीच परत? हो म्हटले.

२९ जून, रविवार
लेकीला सांगितले. सगळे. वजनांचा तक्ता, गुण, दाखला, साठ माणसे. घरात आता चार आहेत आणि चारही नर. आईची बदके इथे संपली.

ती आधी हसली. गुणांवर हसली, सहीवर हसली. मग हसणे तसेच चालू राहिले आणि ते हसणे नव्हते. मी फोन धरून उभा राहिलो.

जरा वेळाने तिने विचारले, बाबा, तुम्ही त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं का? मी म्हटले, ऐकले होते. रोज. तिने विचारले, कसं ओरडायच्या? मी म्हटले, तुझ्या आईसारख्या. हुबेहूब.

ती म्हणाली, मग नर कसे वाटले तुम्हाला?

मी म्हटले, वाटले नव्हते.

मग ती म्हणाली, पुढच्या रविवारी येते, तोवर नीट जेवा.

४.३० ला चारही बदकांना खायला घातले. साध्या शर्टात गेलो. आली. कोणीच काही बोलले नाही.